नकाराचे पत्र आले, त्या दिवसापासून मुदत सुरू झाली

प्रश्न : मी राज्य शासनाच्या एका विभागातून ३१ मे २०२१ रोजी सेवानिवृत्त झालो. सातव्या वेतन आयोगात आमच्या संवर्गाला एक वेतनस्तर कमी मिळाला होता. ही त्रुटी फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने दूर झाली. परंतु नवा वेतनस्तर १ जानेवारी २०१६ पासून काल्पनिक (म्हणजे फक्त हिशेबापुरता) आणि प्रत्यक्ष आर्थिक लाभ मात्र निर्णयाच्या महिन्यापासून, अशी अट त्यात आहे. माझे निवृत्तिवेतन सुधारले, पण मधल्या काळाची थकबाकी, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि रजा रोखीकरण यांतील फरक मिळाला नाही. २० मार्च २०२३ पासून मी सात निवेदने दिली आहेत. ही अट घटनाबाह्य ठरवून घेता येईल का? त्यासाठी उच्च न्यायालयात जावे, नाशिकच्या दिवाणी न्यायालयात दावा लावावा, की मंत्रिमहोदयांना आणखी एक निवेदन द्यावे?
— एक सेवानिवृत्त वाचक, नाशिकरोड

उत्तर : याच आशयाची पत्रे मला सिन्नर, मालेगाव आणि इगतपुरीहूनही येतात. प्रत्येकाला राज्यघटनेतील समानतेच्या अनुच्छेद १४ विषयी विचारायचे असते; तारखेविषयी कोणी विचारत नाही. आपण पाठवलेल्या चौदा पानांपैकी नवव्या पानावर विभागाचे १८ जुलै २०२४ रोजीचे पत्र आहे. आपले २० मार्च २०२३ रोजीचे निवेदन तपासले असून, शासनाच्या धोरणात्मक निर्णयानुसार मागणी मान्य करता येत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आपल्या प्रश्नात या पत्राचा उल्लेखही नाही. नकाराचे पत्र म्हणून आपण ते बाजूला ठेवले असावे. मात्र आपल्या संपूर्ण प्रकरणाचे भवितव्य त्या एका पानावर अवलंबून आहे, आणि त्या पानाने दिलेली, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात अर्ज करण्याची मुदत १८ जुलै २०२५ रोजी संपते. आपले पत्र मला जूनच्या पहिल्या आठवड्यात मिळाले, म्हणजे आपल्या हाती जेमतेम सहा आठवडे आहेत.

प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २१ प्रमाणे, निवेदनावर अंतिम आदेश झाला असेल तर त्या आदेशापासून एक वर्षात अर्ज दाखल करावा लागतो. निवेदन देऊन सहा महिने उलटले आणि काहीच आदेश झाला नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष मिळते. आपल्या पहिल्या निवेदनाचे सहा महिने २० सप्टेंबर २०२३ रोजी संपले आणि पुढचे एक वर्ष २० सप्टेंबर २०२४ रोजी संपणार होते. विभागाचे उत्तर त्याच्या दोन महिने आधी, मुदत जिवंत असताना आले. म्हणून त्या उत्तरापासून एक वर्ष मोजावे, असे म्हणायला आपल्याला चांगला आधार आहे. हेच उत्तर ऑक्टोबर २०२४ मध्ये आले असते, तर मी आपल्याला इतके ठामपणे काही सांगू शकलो नसतो.

तरीही शासनाचा सादरकर्ता अधिकारी, म्हणजे न्यायाधिकरणात शासनाची बाजू मांडणारा, पहिला आक्षेप मुदतीचाच घेईल, हे गृहीत धरा. मूळ शासन निर्णय फेब्रुवारी २०२३ चा आहे, तेव्हा मुदत फेब्रुवारी २०२४ मध्येच संपली, असे तो म्हणेल. किंवा सहा महिन्यांचा हिशेब मांडून सप्टेंबर २०२४ दाखवील. त्यासाठी मूळ अर्जासोबतच कलम २१ (३) खाली विलंबमाफीचा अर्ज सावधगिरी म्हणून जोडावा. विलंब झालाच नाही हे आपले मुख्य म्हणणे, आणि न्यायाधिकरणाला तो झाला असे वाटल्यास तो माफ करण्यास पुरेसे कारण आहे, हे पर्यायी म्हणणे. आपल्या पत्रात पत्नीच्या शस्त्रक्रियेचा ओझरता उल्लेख आहे. रुग्णालयात दाखल केल्याची आणि घरी सोडल्याची कागदपत्रे असतील तर ती काढून ठेवा. पुरेसे कारण कागदावर दाखवावे लागते. वय आणि प्रकृती असे दोन शब्द लिहून भागत नाही.

आता त्या सात निवेदनांविषयी. मला याचा खरोखर त्रास होतो, आणि तो मी लपवत नाही. पहिले निवेदन आवश्यक होते. उरलेल्या सहांनी आपल्याला काय दिले? सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने एस. एस. राठोड यांच्या प्रकरणात १९८९ मध्येच सांगून ठेवले आहे की, निवेदनांवर निवेदने दिल्याने मुदत वाढत नाही. सी. जेकब यांच्या २००८ च्या निकालात न्यायालय त्याच्याही पुढे गेले : शिळ्या झालेल्या मागणीवर उशिरा निवेदन दिले आणि कार्यालयाने त्याला उत्तर दिले, तरी त्या उत्तराने मेलेली मागणी जिवंत होत नाही. निवृत्त कर्मचारी आवक शिक्क्याच्या पोचा जपून ठेवतात, स्मरणपत्रांचे क्रमांक पाठ सांगतात, आणि आपण पाठपुरावा करत आहोत अशा समजुतीत त्यांचे वर्ष निघून जाते. मंत्रिमहोदयांना आठवे निवेदन देऊ नका. त्याला ‘आपणांस यापूर्वीच कळविण्यात आले आहे’ अशा आशयाचे उत्तर येईल, ते कदाचित ऑगस्टमध्ये येईल, आणि तोवर १८ जुलै उलटून गेलेली असेल.

वेतनाची बाब म्हणजे सततचा अन्याय, त्याला मुदत लागत नाही, असे आपल्या पेन्शनर मित्राने सांगितल्याचे आपण लिहिता. ही समजूत अर्धी खरी आहे आणि आपल्या बाबतीत ती घातक ठरेल. एम. आर. गुप्ता यांच्या १९९५ च्या निकालात चुकीची वेतननिश्चिती हा सततचा अन्याय मानला गेला, पण ते गृहस्थ सेवेत होते आणि दर महिन्याला त्यांना कमी पगार मिळत होता. तरसेम सिंग यांच्या २००८ च्या निकालात, १९८३ मध्ये सेवेतून बाहेर पडलेल्या सैनिकाने १९९९ मध्ये उच्च न्यायालयात धाव घेतली होती. त्याला अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळाले, परंतु थकबाकी याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मर्यादित झाली. आपले निवृत्तिवेतन तर आधीच सुधारले आहे. आपण मागता ती १ जानेवारी २०१६ ते ३१ मे २०२१ या पासष्ट महिन्यांची थकबाकी, आणि एकदाच देय होणाऱ्या उपदानाचा व रजा रोखीकरणाचा फरक. हा काळ बंद झालेला आहे. दर महिन्याला दाद मागण्याचे नवे कारण जन्माला येईल असे त्यात काही उरलेले नाही. त्यामुळे सततच्या अन्यायाचा तर्क आपल्याला तारणार नाही. आपल्याला तारणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मुदतीत दाखल केलेला अर्ज.

कोठे जावे, याचे उत्तर थोडक्यात देतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याचा वेतनाचा किंवा निवृत्तिलाभांचा वाद दिवाणी न्यायालयात चालत नाही. अधिनियमाच्या कलम २८ ने तो मार्ग बंद केला आहे. थेट उच्च न्यायालयातही जाता येत नाही, मग आव्हान नियमाच्या वैधतेलाच का असेना. एल. चंद्रकुमार यांच्या १८ मार्च १९९७ च्या निकालात सात न्यायमूर्तींनी ठरवले की, नियमांची घटनात्मक वैधता प्रथम न्यायाधिकरणानेच तपासायची, फक्त ज्या कायद्याने ते न्यायाधिकरण निर्माण झाले त्या कायद्याची वैधता त्याला तपासता येणार नाही; आणि न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे दाद मागायची. तेव्हा महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, आणि नाशिक जिल्ह्यासाठी त्याचे मुंबई येथील मुख्य पीठ, हाच आपला दरवाजा. उच्च न्यायालयात गेल्यास याचिका ‘आधी मॅटकडे जा’ असे सांगून निकाली निघेल आणि तेवढे महिने वाया जातील. मात्र निफाड आणि दिंडोरीच्या ज्या जिल्हा परिषद शिक्षकांनी मला असेच प्रश्न पाठवले आहेत, त्यांनी हा परिच्छेद स्वतःला लागू करून घेऊ नये. ते मॅटच्या कक्षेत येत नाहीत. त्यांचा मार्ग उच्च न्यायालयाचा आहे.

आता मुख्य प्रश्न : ही अट टिकेल का? येथे मी आपल्याला खात्री देणार नाही, आणि कोणी देत असेल तर तिच्यावर विसंबू नका. कोणत्या पदाला कोणता वेतनस्तर द्यावा हे न्यायालय ठरवत नाही. ते काम वेतन आयोगाचे आणि शासनाचे, अशी सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अनेक वर्षे कायम आहे. न्यायालय हे पाहते की नियम करणाऱ्याला तो अधिकार होता का, वरच्या कायद्याशी किंवा राज्यघटनेशी त्याचा विरोध आहे का, समान लोकांमध्ये निराधार भेद केला आहे का, आणि जे एकदा मिळाले ते मागाहून काढून घेतले आहे का.

शेवटचा मुद्दा आपल्याला सर्वाधिक आकर्षक वाटेल, म्हणून त्यावर थोडे थांबतो. रंगधामय्या यांच्या १९९७ च्या प्रकरणात रेल्वेने ५ डिसेंबर १९८८ रोजी नियम बदलून निवृत्तिवेतनासाठी धरायच्या धावत्या भत्त्याची (गाडीवर काम करणाऱ्यांना मिळणाऱ्या भत्त्याची) कमाल मर्यादा ७५ टक्क्यांवरून खाली आणली, आणि ती आणली १९७३ व १९७९ पासून मागील प्रभावाने. जे आधीच निवृत्त झाले होते त्यांचे निवृत्तिवेतन त्यामुळे घटले. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो मागील प्रभाव रद्द केला, कारण शासकीय सेवाशर्तींचे नियम करण्याचा अधिकार देणाऱ्या अनुच्छेद ३०९ खाली मागील प्रभावाने नियम करता येत असले तरी पदरात पडलेला हक्क त्या मार्गाने काढून घेता येत नाही. आपण पत्रासोबत पाठवलेल्या अर्जाच्या मसुद्यात या निकालाचा आधार पहिल्याच पानावर घेतला आहे. तेथे तो ठेवू नये. आपल्या हातात आलेले शासनाने काढून घेतलेले नाही. जे पूर्वी दिले नव्हते ते दिले आणि त्याची रक्कम एका तारखेपासून दिली. हा फरक न्यायाधिकरण पहिल्या पाच मिनिटांत ओळखेल.

डी. एस. नाकारा यांच्या १७ डिसेंबर १९८२ च्या निकालाचेही तसेच. तेथे एका तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे निवृत्तिवेतनधारक वेगळे केले होते आणि तो भेद न्यायालयाला निराधार वाटला. आपल्या शासन निर्णयाने मधल्या काळाची थकबाकी सेवेतल्यांनाही दिलेली नाही आणि निवृत्तांनाही नाही. शिवाय अमरनाथ गोयल यांच्या २००५ च्या निकालात, उपदानाच्या वाढीव लाभासाठी १ एप्रिल १९९५ ही तारीख आर्थिक भाराच्या कारणाने ठरवणे वैध मानले गेले आहे. हा निकाल आपल्या विरुद्ध वाचला जाणार, हे आतापासून धरून चला.

मग आपल्याकडे काय उरते? माझ्या मते दोन गोष्टी उरतात, आणि त्या कमी नाहीत. पहिली अशी की, अमरनाथ गोयल प्रकरणात शासन नवा लाभ देत होते. येथे शासन स्वतःची चूक सुधारत आहे. १ जानेवारी २०१६ पासून काल्पनिक वेतनस्तर देणे याचा अर्थ, त्या दिवसापासून त्या पदाचे योग्य वेतन हेच होते, अशी कबुली देणे. नव्या उदारतेला तारीख घालणे आणि चुकीच्या दुरुस्तीला तारीख घालणे या एकाच मापाने मोजायच्या गोष्टी नाहीत, हा युक्तिवाद प्रामाणिक आहे आणि तो मांडला गेला पाहिजे. त्यातही उपदानाचा भाग मला थकबाकीपेक्षा बळकट वाटतो : निवृत्तीच्या दिवशीचे आपले वेतन आता सुधारित आकड्यावर निश्चित झाले, सेवापुस्तकात त्याची नोंद झाली, त्यावर निवृत्तिवेतन बसले, मग त्याच दिवशीच्या वेतनावर काढायचे उपदान जुन्या आकड्यावर का राहावे, याचे उत्तर शासनाला प्रतिज्ञापत्रावर द्यावे लागेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि तिचा कागद आपण मला पाठवलेला नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (सुधारित वेतन) नियम, २०१९ हे अनुच्छेद ३०९ च्या परंतुकाखाली केलेले आणि ३० जानेवारी २०१९ रोजी अधिसूचित झालेले नियम आहेत. शासन निर्णय हा त्या दर्जाचा नसतो. तो कार्यकारी आदेश आहे. नियमांत जे सांगितलेले नाही ती जागा त्याने भरता येते, पण नियमांत जे सांगितले आहे ते त्याने कमी करता येत नाही. म्हणून पाहायचे ते हे की, आपल्या संवर्गाचा वेतनस्तर बदलताना नियमांच्या अनुसूचीतही (वेतनस्तरांच्या तक्त्यातही) अधिसूचनेने दुरुस्ती झाली का, झाली असल्यास ती कोणत्या तारखेपासून अंमलात आली, आणि त्या दुरुस्तीच्या मजकुरात ‘काल्पनिक’ हा शब्द आहे का. अनुसूची १ जानेवारी २०१६ पासून कोणत्याही अटीविना सुधारली असेल आणि रक्कम रोखणारी अट फक्त शासन निर्णयात असेल, तर घटनात्मक समानतेच्या मोठ्या चर्चेत शिरण्याची गरजही पडणार नाही. तीच अट दुरुस्तीत असेल, तर लढाई पहिल्या मुद्द्यावर येते आणि ती चढाची आहे. राजपत्र पाहिल्याशिवाय मी याहून अधिक मत देणार नाही. त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करून तीस दिवस वाट पाहत बसू नका. राजपत्र हा खुला दस्तऐवज आहे, तो शोधा, आणि सापडला नाही तरी अर्ज दाखल करा. कागद नंतर जोडता येतो. उलटलेली तारीख परत मिळत नाही.

आपल्या मसुद्यातील मोठी उणीव मागणीच्या परिच्छेदात आहे. त्यात फक्त थकबाकी आणि फरक द्यावा असे लिहिले आहे. शासन निर्णयातील ती अट अवैध ठरवून रद्द करावी, अशी मागणी कोठेही नाही. अट अबाधित राहिली तर न्यायाधिकरण तिच्याविरुद्ध रक्कम देणार नाही. म्हणून अटीच्या वैधतेला आव्हान ही पहिली मागणी, १८ जुलै २०२४ चे पत्र रद्द करणे ही दुसरी, रकमेची मागणी त्यानंतर, आणि पर्यायी मागणी म्हणून निदान उपदान व रजा रोखीकरण यांतील फरक. आपल्या विभागाच्या जोडीला वित्त विभागाला प्रतिवादी करणे आवश्यक आहे, कारण सुधारित वेतन नियम त्याच विभागाचे आहेत.

आपल्यासोबत निवृत्त झालेले सहकारी ‘तुमचा निकाल लागू द्या, मग आम्हीही अर्ज करू’ म्हणतात, असे आपण लिहिले आहे. त्यांना हे उत्तर दाखवा. अरविंदकुमार श्रीवास्तव यांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, समान परिस्थितीतील कर्मचाऱ्यांना सामान्यतः समान लाभ द्यावा, पण जे कुंपणावर बसून दुसऱ्याचा निकाल पाहतात त्यांना उशीर नडू शकतो. अगदी अलीकडचे उदाहरण हवे असेल तर वेतनवाढीसाठी लागणारी वर्षाची सेवा पूर्ण करून दुसऱ्याच दिवशी निवृत्त झालेल्यांचे पाहा. ११ एप्रिल २०२३ च्या निकालाने त्यांना ती वेतनवाढ देय ठरली; पण २० फेब्रुवारी २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ज्यांनी दाद मागितलीच नव्हती त्यांना वाढीव निवृत्तिवेतन १ मे २०२३ पासूनच मिळेल, तर ज्यांचे अर्ज आधीपासून प्रलंबित होते त्यांना अर्जाच्या महिन्याआधीच्या तीन वर्षांचेही मिळेल. हक्क सर्वांचा सारखाच होता. रक्कम मात्र ज्याने त्याने कधी अर्ज केला त्यावर ठरली. आपले सहकारी याच विभागाचे आणि याच तक्रारीचे असतील, तर न्यायाधिकरणाच्या परवानगीने एकत्रित अर्ज करता येईल. त्यांच्या मुदतीचे गणित मात्र प्रत्येकाच्या निवेदनावरून स्वतंत्रपणे करावे लागेल, आणि ज्यांनी कधी निवेदनच दिले नाही त्यांच्याबद्दल मी फारसा आशावादी नाही.

आपल्याला लवकर निकाल मिळेल असे मी सांगणार नाही. नियमाच्या वैधतेचा प्रश्न न्यायिक सदस्यासह किमान दोन सदस्यांच्या पीठापुढे चालवावा लागतो, शासनाचे प्रतिज्ञापत्र येण्यास तारखांवर तारखा जातात, आणि नाशिकच्या वृद्ध माणसाला प्रत्येक तारखेला पहाटे निघून मुंबई गाठावी लागते. माझ्याच एका पक्षकाराचा उपदानाचा अर्ज मंजूर झाला तेव्हा ते हयात नव्हते. त्यांच्या पत्नीचे नाव अभिलेखावर घ्यावे लागले होते. निवृत्तांची प्रकरणे वयाच्या क्रमाने आधी घ्यावीत, हे मी जेथे संधी मिळते तेथे मांडत आलो आहे आणि मांडत राहीन. आपले वय पासष्टच्या आसपास आहे, म्हणून अर्जासोबतच लवकर सुनावणीची विनंती करा. प्रत्येक तारखेला आपण स्वतः हजर राहण्याची गरज नसते, वकील पुरेसा असतो; मात्र वकीलपत्र आणि प्रतिज्ञापत्र यांवरील सह्या जूनअखेरपर्यंत पूर्ण व्हाव्यात.

१८ जुलै २०२४ चे पत्र आपल्याला टपालाने आले, असे दिसते. ते ज्या पाकिटात आले ते पाकीट घरात असेल तर शोधून काढा. त्यावरील टपाल शिक्का पत्र हाती पडल्याच्या दिवसाचा पुरावा ठरेल. तो दिवस २३ जुलै असो वा २६, आपण मुदत १८ जुलै हीच धरायची आणि अर्ज त्याच्या किमान आठवडाभर आधी न्यायाधिकरणाच्या नोंदणी शाखेत पोहोचवायचा, म्हणजे त्रुटी निघाल्या तर त्या दुरुस्त करण्यास दिवस उरतील.